सिंहांच्या माथ्यावरचे चक्र

भारताच्या राजमुद्रेविषयी बोलताना आपण सिंहांपासून सुरुवात करतो आणि बहुधा सिंहांपाशीच थांबतो. त्यांचे शौर्य, त्यांचा रुबाब, त्यांची नजर, एवढ्यावर चर्चा संपते. परंतु ज्या शिल्पावरून ही मुद्रा घेतली आहे, त्या शिल्पात सिंहांचे स्थान सर्वोच्च नव्हते. १९०४-०५ च्या हिवाळ्यात फ्रेडरिक ऑस्कर ओर्टेल या अभियंत्याच्या देखरेखीखाली सारनाथला उत्खनन झाले, तेव्हा अशोकस्तंभाच्या तुकड्यांसह त्याचे सुमारे सात फुटी सिंहशीर्ष मातीतून वर आले. चुनारच्या वालुकाश्मात घडवलेल्या या शिल्पाची झिलई बावीस शतकांनंतरही टिकून होती. त्याच जागी एका मोठ्या दगडी चक्राचे अवशेषही मिळाले. बत्तीस आऱ्यांचे हे चक्र मुळात चारही सिंहांच्या वर उभे होते. या रचनेचे अनुकरण पुढे दूरदूरच्या बौद्ध देशांत झाले. थायलंडमध्ये चियांग माई येथील वाट उमोंग या विहारात माथ्यावर चक्र धारण केलेल्या सिंहांची जुनी प्रतिकृती आजही पाहायला मिळते.

म्हणजे सिंह हे त्या स्तंभाचे शिखर नव्हते, ते चक्राचे आसन होते. सारनाथ हे बुद्धांच्या पहिल्या उपदेशाचे, धर्मचक्रप्रवर्तनाचे ठिकाण. बौद्ध परंपरेत बुद्धांना शाक्यसिंह म्हणतात आणि त्यांच्या उपदेशाला सिंहनाद. चार दिशांना तोंड करून बसलेल्या त्या सिंहांचे उघडे जबडे शत्रूला भिववण्यासाठी आहेत, असे मानण्याचे कारण नाही. जे चक्र त्यांनी पेलले आहे, त्याची घोषणा ते चहूकडे करत आहेत, हाच अर्थ त्या स्थळाशी आणि त्या रचनेशी जुळतो. ज्या सम्राटाच्या आज्ञेने हा स्तंभ उभा राहिला, त्याच्याकडे सैन्य होते, खजिना होता, अफगाणिस्तानापासून कर्नाटकापर्यंत पसरलेले राज्य होते. तरीही सामर्थ्याची खूण त्याने खाली ठेवली आणि नीतीची खूण वर. राजमुद्रेचा सगळा अर्थ या वर-खाली असण्यात आहे आणि आज आपण नेमका तोच विसरत चाललो आहोत, असे मला वाटते.

प्रजासत्ताकाने २६ जानेवारी १९५० रोजी जी मुद्रा स्वीकारली, ती चक्र निखळल्यानंतरच्या शिल्पावरून घेतलेली आहे. समोरून पाहिल्यावर चारपैकी तीनच सिंह दिसतात. त्यांच्या पायाखालच्या पट्टीवर मध्यभागी चक्र, उजवीकडे बैल, डावीकडे घोडा आणि दोन्ही टोकांना आणखी दोन चक्रांच्या कडा आहेत. मूळ शिल्पात या गोल पट्टीवर हत्ती आणि सिंहही कोरलेले आहेत, पण ते पाठीमागच्या बाजूला राहतात. पट्टीखालचे उलट्या कमळाचे घंटाकार अंग गाळण्यात आले आणि त्याऐवजी तळाशी मुंडकोपनिषदातील ‘सत्यमेव जयते’ हे शब्द देवनागरीत घालण्यात आले. माथ्यावरचे चक्र नाहीसे झाल्यामुळे या चित्रात सिंहांच्या वर काहीही उरले नाही. नुसते चित्र पाहणाऱ्याला सिंहच सर्वांत वर दिसतात आणि चक्र त्यांच्या पायांपाशी.

म्हणूनच खालच्या त्या दोन शब्दांना मी फार महत्त्व देतो. माथ्यावरचे चक्र सारनाथला जे सांगत होते, ते सांगण्याची जबाबदारी आजच्या मुद्रेत या ब्रीदवाक्यावर आली आहे. घटनाकारांनी विचार अगदी असाच केला होता, असा माझा दावा नाही. पण मुद्रा आपल्यापुढे ज्या रूपात आहे, त्या रूपात तिचा हाच अर्थ लागतो. सिंह सांगतात की राज्याकडे बळ आहे. ब्रीदवाक्य सांगते की विजय बळाचा मानायचा नाही, सत्याचा मानायचा. मुंडकोपनिषदात हे वचन ‘नानृतम्’ या शब्दाने पुढे जाते, म्हणजे असत्याचा विजय होत नाही, आणि त्याच श्लोकात पुढे, देवांकडे नेणारा मार्ग सत्यानेच पसरलेला आहे, असे म्हटले आहे. साधकाला उद्देशून आलेले हे वचन राज्याच्या मुद्रेवर आले की ती राज्याने स्वतःवर घालून घेतलेली अट होते. खोट्यावर मिळवलेले यश आपण विजय म्हणून मोजणार नाही, अशी ती अट आहे.

या निवडीचे मोल कळायचे असेल, तर तिने कोणाची जागा घेतली ते पाहावे लागते. ब्रिटिश राजघराण्याच्या चिन्हातही सिंह आहे. एका बाजूला मुकुटधारी सिंह, दुसऱ्या बाजूला एकशिंगी अश्व, मध्ये ढाल, वर मुकुट आणि खाली फ्रेंच भाषेतले ब्रीदवाक्य, ज्याचा अर्थ होतो ‘देव आणि माझा हक्क’. त्या चिन्हात ढालीच्या वर राजाचा मुकुट आहे आणि तळाशी राजाच्या हक्काची घोषणा आहे. त्याच्या जागी आलेल्या भारतीय मुद्रेत मुकुट नाही, ढाल नाही, शस्त्र नाही आणि कोणाच्याही हक्काचा उच्चार नाही. सत्ता हस्तांतरित होऊन तीन वर्षेही झाली नव्हती, फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, काश्मीरमध्ये युद्ध होऊन गेले होते. अशा काळात एखाद्या नव्या राष्ट्राने तलवार निवडली असती तरी त्याला कोणी नावे ठेवली नसती.

व्यक्तीची प्रतिमाही निवडली गेली नाही, ही गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते. स्वतंत्र भारताच्या नोटांवर इंग्रज राजाच्या जागी कोण, हा प्रश्न आला, तेव्हा प्रथम महात्मा गांधींच्या चित्राचा विचार झाला आणि तशा नोटांचे नमुनेही तयार करण्यात आले. शेवटी एकमत झाले ते सारनाथच्या सिंहशीर्षावर, आणि १९४९ मध्ये निघालेल्या एक रुपयाच्या नोटेवर तेच आले. त्याआधी डिसेंबर १९४७ मध्ये ते टपाल तिकिटावर आले होते. गांधीजींइतका आदर दुसऱ्या कोणाला मिळणे शक्य नव्हते. तरीही राज्याचा चेहरा म्हणून माणूस नको, मूल्य हवे, असा कौल त्या पिढीने दिला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेच्या धोक्याचा इशारा दिला होता. राजमुद्रेची निवड त्या इशाऱ्याशी सुसंगत आहे. राष्ट्रध्वज ठरवण्यासाठी राजेंद्र प्रसादांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीत बाबासाहेब होतेच आणि २२ जुलै १९४७ रोजी नेहरूंनी संविधान सभेत मांडलेल्या ठरावाने सारनाथच्याच सिंहशीर्षाच्या पट्टीवरचे चक्र ध्वजावर आणले. तो ठराव मांडताना नेहरूंनी अशोकाच्या काळाची आठवण केली ती भारताने परदेशी पाठवलेल्या शांततेच्या दूतांसाठी. साम्राज्य वाढवण्यासाठी गेलेल्या सैन्याचा अभिमान त्यांनी पुढे केला नाही.

राजाची खूण घेऊन प्रजासत्ताक कसे उभे करता येईल, असा आक्षेप येथे येऊ शकतो आणि तो गंभीर आहे. अशोक लोकांनी निवडलेला राज्यकर्ता नव्हता. तेराव्या शिलालेखात तो कलिंगच्या युद्धाबद्दल पश्चात्ताप व्यक्त करतो, दीड लाख लोक हद्दपार झाले आणि एक लाख मारले गेले असे स्वतः नमूद करतो. पण त्याच लेखात अरण्यात राहणाऱ्या जमातींना तो बजावतो की, पश्चात्ताप झाला असला तरी दंड करण्याचे सामर्थ्य आपल्याकडे आहे. हा लेख खुद्द कलिंगमध्ये, धौली आणि जौगड येथे, कोरवलेला नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यासमोर तो कबूल करण्याचे धैर्य सम्राटालाही झाले नाही, किंवा राज्यकारभाराच्या सोयीसाठी ते टाळले गेले. अशोकाला देवमाणूस बनवून हा प्रश्न सुटत नाही आणि तसे करण्याची गरजही नाही. मुद्रा अशोकाची पूजा करत नाही. तिने त्याच्याकडून एक कल्पना घेतली आहे: राज्यकर्त्याने आपल्या सत्तेची मर्यादा सार्वजनिक जागी, दगडावर, लोकांना वाचता येईल अशा भाषेत लिहून ठेवावी.

ही कल्पना त्याच्या लेखांत किती तपशिलाने आली आहे, ते पाहण्यासाठी मराठी वाचकाला फार लांब जावे लागत नाही. नालासोपाऱ्याजवळच्या सोपारा या प्राचीन बंदरात पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. या आठव्या लेखाचा आशय असा की, पूर्वीचे राजे शिकारीच्या आणि मौजेच्या यात्रांना जात. आपण त्या सोडून धर्मयात्रा सुरू केल्या, ज्यांत वृद्धांना भेटणे, त्यांना साहाय्य करणे आणि ग्रामीण लोकांशी बोलणे असते. सहाव्या लेखात तर तो सांगतो की, आपण जेवत असू, अंतःपुरात असू किंवा उद्यानात असू, लोकांचे काम कोणत्याही वेळी आपल्या कानावर घालावे. हे सारे तो प्रत्यक्षात किती पाळत होता, ते ठरवणे इतिहासकारांवर सोडू. पण आश्वासन लेखी होते, उघड्यावर होते आणि त्यावरून त्याला जाब विचारता येईल अशा शब्दांत होते.

सारनाथच्या स्तंभावरचा लेख आणखी बोलका आहे. ज्या सिंहांना आपण राष्ट्रचिन्ह केले, त्यांच्याच खाली तो कोरलेला होता. त्याचा विषय संघात फूट पाडणाऱ्या भिक्षू-भिक्षुणींना गृहस्थांची पांढरी वस्त्रे देऊन बाहेर काढण्याचा आहे आणि त्यातला कठोरपणा आज कोणालाही खटकेल. परंतु आज्ञेनंतर आलेली व्यवस्था लक्ष देऊन वाचण्याजोगी आहे. या आदेशाची एक प्रत अधिकाऱ्यांच्या कचेरीत ठेवावी आणि दुसरी प्रत उपासकांजवळ, म्हणजे सामान्य गृहस्थांजवळ ठेवावी. उपासकांनी दर उपोसथाच्या, म्हणजे बौद्धांच्या व्रताच्या, दिवशी येऊन तो आदेश समजून घ्यावा आणि महामात्रांनीही, म्हणजे अशोकाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनीही, यावे, असे त्यात म्हटले आहे. शासनाचा आदेश ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्या कपाटात कुलूपबंद राहू नये, त्याची प्रत लोकांकडेही असावी, ही तरतूद सिंहांच्या सावलीत कोरलेली आहे. राजमुद्रेच्या गैरवापराला आळा घालणारा कायदा आणि माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा हे दोन्ही २००५ सालचे आहेत. महाराष्ट्राने तर माहितीच्या अधिकाराचा कायदा त्याआधीच केला होता. या दोन कायद्यांचे नाते कोणी सांगत नाही, पण मला ते सख्ख्या भावंडांचे वाटते. नागरिकाला सत्य मागण्याचा हक्क नसेल, तर सत्याच्या विजयाची घोषणा छापील कागदापुरती उरते.

जुलै २०२२ मध्ये नव्या संसद भवनावरच्या सिंहांचे अनावरण झाले, तेव्हा झालेला वाद या दृष्टीने निराश करणारा होता. साडेसहा मीटर उंचीचे आणि साडेनऊ हजार किलो वजनाचे ते ब्राँझचे शिल्प आहे. ते घडवणाऱ्या शिल्पकारांत औरंगाबादचे सुनील देवरे होते. या सिंहांचे दात जास्त दिसतात, ते उग्र आहेत, असे विरोधकांचे म्हणणे होते. खालून आणि वेगळ्या कोनातून पाहिल्यामुळे तसे वाटते, मूळ शिल्पाचेच ते मोठे रूप आहे, असे उत्तर देण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि कायद्याचा भंग झालेला नाही, असे सांगून न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये याचिका फेटाळली. निर्णय योग्यच होता. अनेक दिवस देश सिंहांच्या दातांची लांबी मापत राहिला आणि त्या सिंहांनी काय पेलायचे असते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. सिंह सौम्य आहेत की उग्र, हे ठरवून संसदेचा कारभार सत्याला धरून चालतो की नाही ते ठरत नाही. प्रश्नोत्तराच्या तासाला मंत्री खरी माहिती देतात का, विधेयके चर्चेविना संमत होतात का, आकडे दडवले जातात का, या प्रश्नांनी ते ठरते. मुद्रेचा मान राखण्याची कसोटी छताखाली आहे, छतावर नाही.

याच सर्वोच्च न्यायालयाच्या परिचित बोधचिन्हात मात्र सिंहांच्या वर चक्र आहे आणि सोबत ‘यतो धर्मस्ततो जयः’ हे वचन आहे. सारनाथच्या शिल्पाची मूळ मांडणी राज्याच्या एका अंगाने तरी जपली, याचे मला समाधान वाटते. दंडशक्तीच्या वर न्यायाचे चक्र असणे न्यायसंस्थेला जितके शोभते, तितकेच ते मंत्रालयाला आणि जिल्हाधिकारी कचेरीलाही शोभले असते.

आता रस्त्यावरच्या वास्तवाकडे वळू. मुद्रेचा अर्थ कोणत्या दिशेने सरकला आहे, ते पाहायला संसदेपर्यंत जायला नको. कोणत्याही टोलनाक्यावर तासभर उभे राहिले तरी पुरे. नंबरप्लेटच्या वर, समोरच्या काचेवर, दिव्याच्या बाजूला चिकटवलेले सोनेरी तीन सिंह दिसतात आणि बहुतेक वेळा त्यांच्याखाली ब्रीदवाक्य नसते. स्टिकरवाल्याने ते जागा वाचवण्यासाठी काढलेले असते आणि घेणाऱ्याला त्याची आठवणही होत नाही, कारण त्याला सिंहच हवे असतात. टोल चुकावा, पोलिसाने गाडी अडवू नये, कार्यालयातल्या शिपायाने खुर्ची पुढे करावी, एवढ्यासाठी ते सिंह तिथे आलेले असतात. माजी पदाधिकाऱ्यांच्या लेटरहेडवर, सरपंचांच्या व्हिजिटिंग कार्डावर, सभापतींच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, ‘मानवाधिकार’ असे भारदस्त नाव घेतलेल्या खासगी संस्थांच्या ओळखपत्रांवर हीच मुद्रा झळकते. सत्तेला आवर घालणारे चिन्ह अशा रीतीने ‘मला अडवू नका’ असे सांगणारे चिन्ह झाले आहे. मुद्रेचा याहून मोठा अपमान तिची विटंबना करणाऱ्या एखाद्या व्यंगचित्राने होत असेल, असे मला वाटत नाही.

कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. २००५ च्या कायद्याच्या परिशिष्टात, देवनागरीतले ‘सत्यमेव जयते’ हे ब्रीदवाक्य राजमुद्रेचा भाग आहे, असे म्हटले आहे. म्हणजे ते गाळून छापलेले तीन सिंह ही राजमुद्रा नव्हेच. २००७ च्या नियमांनुसार मोटारीवर मुद्रा लावण्याची मुभा राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल अशा मोजक्या पदांपुरती आहे. माजी मंत्री, माजी खासदार, माजी आमदार, निवृत्त न्यायाधीश आणि निवृत्त अधिकारी यांना तिचा वापर करता येत नाही, हे त्यांत नावानिशी सांगितले आहे. नगरपरिषदा, पंचायत राज संस्था, स्वयंसेवी संस्था यांनाही, वेगळी परवानगी नसेल तर, ती वर्ज्य आहे. इतकेच नव्हे, ज्यांना आपल्या कागदांवर मुद्रा वापरण्याचा अधिकार आहे, त्यांनीही त्या कागदांवर नावासोबत वकील, संपादक किंवा सनदी लेखापाल असा व्यवसाय छापू नये, इतका बारीक विचार नियमकर्त्यांनी केला आहे. कायद्याने शिक्षा ठेवली ती दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

अडचण आहे ती खटला भरण्याच्या तरतुदीत. केंद्र सरकारच्या किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय या कायद्याखाली खटला दाखल करता येत नाही. किरकोळ कारणावरून कोणा चित्रकाराला किंवा विद्यार्थ्याला छळले जाऊ नये, हा तिचा हेतू असेल तर तो चांगला आहे आणि तो टिकला पाहिजे. पण या तरतुदीचा दुसरा परिणाम असा की, मुद्रेचा गैरवापर करणारा सत्तेच्या जवळचा असेल, तर त्याच्यावर कारवाई करायची की नाही, हेही सत्ताच ठरवते. पोलीस शिपायाने सिंह लावलेली गाडी अडवावी, अशी अपेक्षा आपण करतो. पण त्याच्या वरिष्ठाची बदली ज्याच्या शिफारशीवर होते, त्याचीच ती गाडी असण्याची शक्यता शिपायाला ठाऊक असते.

महाराष्ट्राला याबाबत पुढाकार घेण्याचे विशेष कारण आहे. ‘राजमुद्रा’ म्हटले की मराठी माणसाला आधी शिवछत्रपतींची मुद्रा आठवते. ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ या शब्दाने सुरू होणारे तिचे वचन शाळकरी मुलांनाही पाठ असते. महाराष्ट्र राज्याच्या मुद्रेवर समईभोवती हेच वचन थोड्या बदलाने आले आहे आणि ते ‘महाराष्ट्रस्य राज्यस्य मुद्रा भद्राय राजते’ असे संपते, म्हणजे ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते. गोव्याच्या राज्यचिन्हावरही सर्वांचे भद्र होवो, कोणाच्याही वाट्याला दुःख न येवो, अशीच प्रार्थना आहे. मुद्रा कोणासाठी असते, याचे उत्तर आपल्या परंपरेने इतके स्वच्छ दिलेले आहे की, ती मिरवणाऱ्या माणसाच्या सोयीसाठी असते, असे म्हणायला जागाच उरत नाही. महाराष्ट्रातल्या बौद्ध समाजासाठी अशोकाचे हे चिन्ह आणखी जवळचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, नागपुरात ज्या धम्माची दीक्षा लाखो लोकांनी घेतली, त्या धम्माचे चक्र या मुद्रेत आहे. शतकानुशतके ज्यांना गावच्या चावडीवर पाय ठेवण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या मुलामुलींच्या जातपडताळणीच्या दाखल्यापासून नेमणुकीच्या आदेशापर्यंत सरकारी कागदांवर जेव्हा ही मुद्रा येते, तेव्हा ती राज्याने दिलेल्या शब्दाची निशाणी असते. तीच मुद्रा गावातल्या एखाद्या दांडग्याच्या जीपवर दिसली, तर त्या शब्दाची किंमत किती, ते कोणी समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

केंद्राच्या परवानगीची तरतूद बदलणे राज्याच्या हातात नाही, पण तशी शिफारस करणे आहे. प्रत्येक जिल्ह्यातल्या एका अधिकाऱ्याला परवानगीचे अधिकार मिळावेत, आलेल्या तक्रारीवर ठरावीक मुदतीत लेखी निर्णय देणे त्याच्यावर बंधनकारक असावे आणि परवानगी नाकारली तर तिची कारणे तक्रारदाराला मिळावीत, अशी मागणी विधिमंडळाने एकमताने केंद्राकडे करावी. मुद्रा जिथे छापली जाते, तिथे ब्रीदवाक्य डोळ्यांनी वाचता येईल एवढ्या आकारातच असले पाहिजे, हा नियम मात्र राज्य सरकार आपल्या छपाईपुरता उद्यापासून लागू करू शकते. आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पहिल्याच दिवशी दोन्ही सभागृहांच्या पीठासीन अधिकाऱ्यांनी वाहनतळावरील गाड्यांची तपासणी करण्याचे आदेश द्यावेत, ज्यांना अधिकार नाही त्यांच्या गाड्यांवरचे सिंह तिथेच उतरवावेत आणि अशा गाड्यांची यादी सभागृहाच्या पटलावर ठेवावी.